दुसरी फेरी

पंगतीत वाढणाऱ्याचं शिक्षण मिठापासून सुरू होतं. पोरगं जरा हाताशी आलं की त्याच्याकडं मिठाची वाटी येते. चिमूट सगळ्यांना सारखी पडली पाहिजे, पानाच्या कडेलाच पडली पाहिजे आणि पुढं सरकताना कुणाच्या पत्रावळीला पाय लागता कामा नये. एवढं जमलं की पुढच्या सालाला पाण्याची कळशी, मग भाकऱ्यांची पाटी, मिसरूड फुटायच्या सुमारास भात. उकळत्या आमटीची बादली आणि डाव हाती यायला मात्र माणूस संसाराला लागलेला असावा लागतो. दौंड तालुक्यातल्या आमच्या गावात सप्ताहाच्या काल्याला ही चढण अशीच असायची. मी आमटीपर्यंत पोचलोच नाही. शिकायला म्हणून गाव सोडलं तेव्हा भातावर होतो.

पण भातावर असताना जे कळलं ते आजवर पुरलं. जुने वाढपी म्हणायचे, पहिल्या फेरीला अक्कल लागत नाही. पानं मांडलेली, माणसं बसलेली, आपण नुसतं वाकत वाकत चालत जायचं. कसोटी लागते ती दुसऱ्या फेरीला. तोवर प्रत्येक पान वेगळं झालेलं असतं. कुणाचं अर्धं भरलेलं, कुणाचं लख्ख पुसलेलं. असं लख्ख पान पुढ्यात घेऊन एखादा खाली मान घालून शितं टिपत बसलेला असतो. त्याला विचारलं तर तो ‘नको, नको’च म्हणणार. ज्याला खरंच नको असतं तो पानावर हात आडवा धरतो. ज्याला हवं असतं त्याचं तोंड ‘नको’ म्हणतं आणि हात मात्र मांडीवरच राहतो. त्या मांडीवरच्या हाताकडं बघून वाढायचं आणि रेंगाळायचं नाही. थांबलास तर त्याला लाज वाटेल, असं आम्हाला बजावलेलं असे.

मागायची वेळ कुणावर येऊ नये, एवढ्यासाठी दुसरी फेरी असते. पुढं शहरात राहिलो, भुकेल्यांसाठी चाललेली लहानमोठी कामं पाहिली, मागच्या पिढ्यांनी केलेल्या कामांविषयी वाचलं. प्रत्येक ठिकाणी मन आधी एकच चौकशी करतं: इथं वाढपी परत येतो का?

ज्येष्ठ सरता सरता आमच्या भागात तुकोबांची पालखी येते. लोणी काळभोरचा मुक्काम हलला की ती यवतला पोचते आणि त्या रात्री यवतला पिठलं-भाकरी असते. पिठलं काळभैरवनाथाच्या देवळात शिजतं, भाकऱ्या घराघरांतून येतात. त्या भाकऱ्यांची टोपली नुसती बघत बसावं. एखादीचा पापुद्रा टम्म फुगून सुटलेला, एखादी जाड, एखादी घाईत एका अंगाला करपलेली. कुठं बाजरीचा काळसर रंग, कुठं ज्वारीचा दुधाळ. सगळ्या गावच्या चुलींची हजेरीच त्या टोपलीत लागलेली असते. कुठली भाकरी कुणाच्या घरची हे विचारायची रीत नाही. दिवसभराच्या चालीनं पाय भरून आलेला वारकरी ती हातावर घेतो, वर पिठलं घेतो आणि भिंतीला पाठ टेकून जेवतो.

सकाळी पालखी वरवंडच्या वाटेला लागते. यवतनं आपलं माप पदरात घातलेलं असतं, पण वारकऱ्याची भूक काही यवतला संपत नाही. ती वरवंडला लागते, उंडवडीला लागते, बारामतीला लागते. इतकी माणसं इतके दिवस पोसणं कुठल्याच एका गावाच्या आवाक्यातलं नाही. म्हणून ते काम एकेका रात्रीचं करून वाटून घेतलेलं आहे. पहिल्या गावानं वाढलं की दुसरी फेरी पुढचं गाव घेतं. याचा कुठं ठराव झालेला नाही. वारी मात्र त्याच्यावरच पंढरपूरला पोचते.

पंगतीचं एवढं कौतुक करताना तिची दुसरी बाजू झाकून ठेवणं बरोबर नाही. पंगत माणसाला बसवते तशी उठवतेही. आधी कुणी बसायचं, मागून कुणी, मांडवाच्या आत कोण आणि बाहेर कोण, हे जातीनं ठरवून ठेवलेलं होतं. पंगती उठल्यावर उरलंसुरलं ज्यांच्या टोपलीत पडे, त्यांच्या वाट्याला दुसरी सोडाच, पहिली फेरीसुद्धा नव्हती. वाटेवर एकमेकांना माउली म्हणणारी माणसं पंढरपुरात शिरली की तिथं अस्पृश्य वारकऱ्याला पथारी टाकायलाही जागा मिळत नसे. गाडगेबाबांनी तिथं चोखामेळ्याच्या नावानं धर्मशाळा उभी केली आणि पुढं ती डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या पीपल्स एज्युकेशन सोसायटीच्या हवाली केली. गाडगेबाबांच्या दशसूत्रीत पहिलं सूत्र भुकेल्याला अन्नाचं आहे. आंधळ्या-पांगळ्यांच्या, महारोग्यांच्या पंगती ते घालत आणि स्वतः मात्र कुठल्याशा झोपडीतून मागून आणलेली भाकरी आपल्या गाडग्यात कुस्करून खात. यजमानपणाचा मान अंगाला लागू न देणारा असा वाढपी विरळा.

बाबांचा जन्म १८७६ सालचा. त्याच साली दख्खनच्या मोठ्या दुष्काळाला सुरुवात झाली. तो १८७८ पर्यंत चालला. सरकारनं खडी फोडायची, रस्त्यांची कामं काढली होती. तिथल्या मजुरीला इंग्रज अधिकारी सर रिचर्ड टेंपल यांनी कात्री लावली. दिवसभर राबणाऱ्या पुरुषाला एक पौंड धान्य आणि वर एक आणा. पौंड म्हणजे अर्ध्या किलोलाही थोडं कमीच. एवढ्यात माणूस मरत नाही, असा त्यामागचा हिशेब. खजिना सांभाळून भूक मोजायची ही रीत. मुंबई इलाख्यातल्या मजुरांनी ती मुकाट्यानं मानली नाही. पोटात काही नसताना ते कामं सोडून निघून गेले आणि पुण्याच्या सार्वजनिक सभेनं त्यांची बाजू घेतली. उपाशी माणसानं समोर आलेलं नाकारावं, यात केवढी ताकद खर्ची पडली असेल! तुमचं माप आमच्या पोटाचं नाही, एवढंच त्यांना सांगायचं होतं.

त्याच दिवसांत जोतीराव फुले आणि त्यांचे सत्यशोधक सहकारी पुण्याजवळ धनकवडीला दुष्काळात सापडलेल्या मुलांना शिजवून जेवू घालत होते. व्हिक्टोरिया बालाश्रम असं त्या ठिकाणाचं नाव होतं. आज धनकवडीत इमारतीला इमारत लागली आहे, रस्ता ओलांडायला जागा मिळत नाही. तिथल्या गर्दीत उभं राहिलं की मला हटकून १८७७ सालचा उन्हाळा आठवतो. सावित्रीबाई तेव्हा जुन्नरकडं ओतूरला होत्या. २० एप्रिलला तिथून त्यांनी जोतीरावांना लिहिलेलं पत्र आज उपलब्ध आहे. गावंच्या गावं ओस पडत होती, गुरं तडफडून मरत होती, आणि ही बाई घरी परतायचं सोडून तिथं कामाला लागली होती. मुलांना धान्य मापून देऊन भागत नाही. कोरडे दाणे घेऊन मूल काय करणार? त्याच्यासाठी कुणीतरी चूल पेटवावी लागते, आणि संध्याकाळी ती पुन्हा पेटवावी लागते. मुलाची भूक जात्याच दुसऱ्या फेरीची असते. दुपारी पोटभर जेवलेलं पोर दिवेलागणीला परत ताट घेऊन उभं राहतं. ज्यांनी मुलांना जेवू घालायचं अंगावर घेतलं, त्यांनी रोज परत यायचं अंगावर घेतलं.

हीच गोष्ट साताऱ्याकडं फार सुंदर झाली. भाऊराव पाटलांनी १९१९ साली रयत शिक्षण संस्था काढली आणि १९२४ साली साताऱ्यात बोर्डिंग सुरू केलं. सगळ्या जातींची पोरं तिथं एकत्र राहायची, एका पंगतीत जेवायची. चोखामेळा धर्मशाळेतून जो प्रश्न डोकावतो, त्याचं उत्तर इथं पोरांच्या ताटांनी दिलं. पण एवढी ताटं रोज भरायची कशानं? त्यासाठी मुष्टिफंड निघाला. घरच्या बाईनं दळणाला किंवा शिजवायला धान्य घेताना त्यातली एक मूठ बोर्डिंगच्या पोरांसाठी बाजूला काढायची.

मूठ म्हणजे किती? घरातलं कुणी उपाशी राहत नाही, एवढीच. पण हिशेब दाण्यांचा नाहीच. कुठल्या तरी देवस्थानाच्या पेटीत मोठी नोट टाकली की माणूस वर्षभरासाठी मोकळा होतो. मुठीनं असं मोकळं होता येत नाही. सकाळी सुपात धान्य घेतलं की हात थबकणार, एक मूठ मागं वळणार. आपण कधीही न पाहिलेलं एक पोर साताऱ्यात भुकेलं आहे, याची त्या बाईला रोज आठवण होणार. कितीतरी घरांत कितीतरी हात असे रोज थबकत होते. त्या थबकण्यावर शाळा शिकलेली माणसं पुढं मास्तर झाली, वकील झाली, शेतात सुधारणा करू लागली.

आणि मुठी कमी पडल्या तेव्हा लक्ष्मीबाई होत्या. भाऊरावांची ही बायको श्रीमंत माहेराची, अंगभर सोनं घेऊन सासरी आलेली. एकेक डाग मोडत गेला, त्याची ज्वारी होत गेली. शेवटी कोठीत दाणा उरला नाही तेव्हा तिनं मंगळसूत्र मोडलं आणि पोरांना जेवू घातलं. हा प्रसंग महाराष्ट्रात इतक्या वेळा सांगितला गेला आहे की तो ऐकताना आपले डोळे सरावानं पाणावतात आणि पुढचं सुटून जातं. मंगळसूत्र मोडलं तो दिवस मोठाच. पण त्याच्या आधीचे दिवस? विटाळाच्या कल्पनांत वाढलेली ही बाई कुणाकुणाची पोरं आपल्या चुलीपुढं बसवून त्यांना रोज वाढत होती. त्या रोजच्या वाढण्यातूनच तिचा हात गळ्यापर्यंत गेला.

मुंबईत गिरण्या होत्या तेव्हा लालबाग-परळच्या चाळींतून दुसऱ्या तऱ्हेच्या अन्नपूर्णा होत्या. कोकणातून, घाटावरून आलेले गडी एका खोलीत दाटीवाटीनं राहत, पाळीप्रमाणं आळीपाळीनं झोपत. बायकापोरं गावी. मग चाळीतलीच एखादी बाई त्यांची खानावळ चालवी. तिच्या खोलीत पहिली पाळी जेवून उठे, दुसरी बसे, रातपाळीचे डबे भरून कोपऱ्यात रांगेनं उभे असत. कालवणाचा, सुक्या बोंबलाचा वास जिन्यापर्यंत. अमक्याला तिखट सोसत नाही, तमक्याचा सोमवार असतो, तो पलीकडचा गावाहून पत्र आलं की दोन दिवस धड जेवत नाही, हे सगळं तिला ठाऊक. महिन्याच्या पगारातून तिचे पैसे चुकते होत.

संप आला की पगार थांबे. जेवण थांबत नसे. १९७४ च्या बेचाळीस दिवसांच्या संपात या बायकांनी उधारीवर वाढलं, घरातलं किडूकमिडूक गहाण टाकून धान्य भरलं. भिंतीवर कोळशानं रेघा वाढत गेल्या असतील, कुणाच्या डोक्यात हिशेब साठत गेला असेल, पण कुणाला ताटावरून उठवलं गेलं नाही. गोवामुक्तीच्या लढ्यात उतरलेल्या आणि पुढं मुंबईच्या कामगारांत वावरलेल्या प्रेमा पुरव यांना या बायकांचं कर्ज दिसलं. संपाला शाबासकी मिळत होती, संप पोसणारीवर सावकार बसला होता. १९७५ साली त्यांनी चौदा जणींना बँकेचं कर्ज मिळवून दिलं आणि अन्नपूर्णा महिला मंडळ उभं राहिलं. १८ जानेवारी १९८२ ला सुरू झालेला संप मात्र बेचाळीस दिवसांत आवरणारा नव्हता. त्यात अडीच लाखांच्या आसपास कामगार होते. त्या काळात गिरणगावातल्या खोल्याखोल्यांत किती ताटं उधारीवर वाढली गेली, त्यांतली किती कधीच फिटली नाहीत, याची नोंद कुठल्या वहीत असेल असं वाटत नाही.

उधारीवर जेवणाऱ्याची मान वर असते, हे मला फार मोलाचं वाटतं. तो देणेकरी असतो. आज नाही तर दिवाळीला देईन, असं तो म्हणू शकतो आणि वाढणारी ‘बघू, आधी जेव’ म्हणू शकते. दोघांनाही माहीत असतं की हे फिटायचं कठीण आहे. तरी तो हिशेब दोघं मिळून जिवंत ठेवतात, कारण तो जिवंत आहे तोवर हा पाहुणा आहे, मिंधा नाही. सरकारनं २६ जानेवारी २०२० पासून शिवभोजन थाळी सुरू केली तेव्हा तिला दहा रुपये किंमत ठेवली, ते मला म्हणूनच पटलं. दोन पोळ्या, वाटीभर भाजी, भात, वरण, प्रत्येकाचं वजन ठरवून दिलेलं. जास्तीचं मागायची सोय त्यात नाही. पण दहाची नोट पुढं करणारा हमाल गिऱ्हाइकासारखा ठसक्यात उभा राहतो, आणि केंद्र उद्याही उघडणार असतं. दुसरी फेरी एका जेवणातच यावी असं थोडंच आहे? ती दुसऱ्या दिवशी दुपारी बारालाही येऊ शकते.

हे पंगतीचं, मानाचं सगळं ठीक, पण भूक रस्त्यावर येऊन आडवी पडते तेव्हा ती मांडवाची वाट बघत नाही, हेही खरं. २०२० च्या टाळेबंदीत डोक्यावर बोचकं आणि कडेवर पोर घेऊन निघालेल्या माणसाला कुणी चालत्या गाडीतून पुडा फेकला तरी तो पुडा प्राणाएवढा होता. त्या वेळी मोठ्या शहरांत मंडळांनी, मशिदींनी, गुरुद्वारांनी, सोसायट्यांनी जे काही शिजवून दिलं त्याला नावं ठेवणारा मी कोण? तरी त्या दिवसांतलं मनात घर करून राहिलेलं ठिकाण शहरातलं नाही. यवतमाळ जिल्ह्यात, नागपूरकडून हैदराबादकडं जाणाऱ्या महामार्गावर करंजी लागतं. तिथं आजूबाजूला फारशी वस्ती नसलेल्या पट्ट्यात एका पत्र्याच्या शेडमध्ये लंगर चालतो. बाबा कर्नैल सिंग खैरा, वय तेव्हा ऐंशीच्या पुढं, आणि त्यांची माणसं. टाळेबंदीत त्या वाटेनं पायी, ट्रकमधून, मिळेल त्या वाहनानं परतणाऱ्या लाखोंना तिथं जेवण मिळालं.

ते मिळू शकलं याचं कारण मला वाटतं निराळंच आहे. तो लंगर टाळेबंदीसाठी उघडलेला नव्हता. १९८८ पासून तो तिथं होता. ज्या वर्षांत देशाचं लक्ष त्या रस्त्याकडं नव्हतं, ट्रकचे ड्रायव्हर आणि वाट चुकलेले प्रवासी एवढेच पंगतीला होते, तेव्हाही पीठ मळलं जात होतं. आपत्तीत धावून जाणारे पुष्कळ असतात आणि त्यांची गरजही असते. पण आपत्ती येईल तिथं आधीपासून चूल पेटती असणं, हीही दुसरी फेरीच, आणि ती आपत्तीच्या कितीतरी आधी सुरू झालेली असते.

आता आम्ही राहतो तिथून एक मोठं सरकारी रुग्णालय चालत जाण्याच्या अंतरावर आहे. रुग्णालय रुग्णाला जेवण देतं. त्याच्यासोबत आलेल्याला देत नाही, आणि तसं देणं त्याच्या कामात बसतही नाही. गावाकडून आलेल्या बाईचा रोज बुडालेला असतो, औषधं बाहेरून आणायची असतात, एसटीचे पैसे राखून ठेवायचे असतात. खर्चात पहिली काट तिच्या स्वतःच्या जेवणाला लागते. नवऱ्याच्या ताटातलं उरलं तर ती खाते, आणि विचारलं तर जेवण झालं म्हणते. हात मांडीवरच.

आमच्या गल्लीतल्या काही घरांनी मिळून रोज संध्याकाळी तिथं पोळीभाजी न्यायचं ठरवलं, त्याला आता बरीच वर्षं झाली. संस्थेचं नाव नाही, पावतीपुस्तक नाही. शेजारच्या काकूंकडं एक वही आहे आणि तीत वर्षभराचे दिवस मांडलेले आहेत. ज्या घराचा दिवस, त्यानं भाजी करायची. पोळ्या सगळ्यांनी चार-चार जास्त लाटायच्या. पायऱ्यांवर माणसं बसतात, आम्ही वाढत जातो, टोकाला पोचलो की उलट फिरतो. उलट फिरताना डबा जड असला पाहिजे, अशी काकूंची ताकीद असते. पहिल्या फेरीतच संपवून रिकाम्या हातानं परतणाऱ्याला त्या दुसऱ्या दिवशी भाजी चिरायला बसवतात.

वहीचा कारभार मोठा मनोरंजक आहे. श्रावणातले सोमवार चैत्रातच भरतात. पितृपक्षात तर एका दिवसावर तीन-तीन घरं हक्क सांगतात. वाढदिवस असतात, पहिली कमाई असते, मुलाला परदेशी जायला मिळालेलं असतं. मागं एकदा एक गृहस्थ आले. त्यांना आईच्या वर्षश्राद्धाला सगळ्यांना जिलबी द्यायची होती. काकूंनी त्यांना पाणी दिलं, आईची चौकशी केली आणि म्हणाल्या, “जिलबी आणा हो, आणा. पण त्या दिवशी आमच्याकडं आधीच शिरा आहे. लोकांना एका संध्याकाळी दोन गोडं होतील आणि पुढच्या बुधवारी काहीच नाही. तुम्ही तो बुधवार घेता का?” गृहस्थ जरा हिरमुसले. बुधवारी कसलीच तिथ नव्हती, कुणाची आठवण नव्हती. मग त्यांनी विचारलं, बुधवारी काय आणू? काकू म्हणाल्या, मटकी आणा, आणि त्यांनी नाव लिहून घेतलं. गृहस्थ मटकी घेऊन आले. आता महिन्याचा एक बुधवार त्यांचाच आहे.

वहीतले काही दिवस मात्र दरवर्षी कोरे राहतात. मे महिन्यात सगळे गावी जातात. लक्ष्मीपूजनाला प्रत्येकाला आपल्या घरी असायचं असतं. रुग्णालयात त्या संध्याकाळीही खाटा भरलेल्या असतात आणि पायऱ्यांवर माणसं असतात. त्या दिवसांना काकू स्वतःचं नाव घालतात, मग माझं घालतात, आणि तरी चार-सहा जागा उरतात. तुम्ही कधी आमच्या गल्लीत आलात आणि एखादा दिवस घ्यावासा वाटला, तर घरच्या पोळ्या चालतील, विकतच्याही चालतील, साडेसहाच्या आत पोचल्या म्हणजे झालं. फक्त तारीख सांगताना श्रावण सोडून सांगा.